मुख्य नोकरी

आमच्या चर्चमध्ये कुणाच्याही पगाराच्या चिठ्ठीत काही वाकडं दिसलं की माणूस पाद्र्याकडे जात नाही, माझ्याकडे येतो. रविवारची प्रार्थना संपली की मी हॉलच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी चष्मा लावून बसते. चहाच्या किटलीपासून लांब, कारण हे लोक फॉर्मवर चहा सांडल्याशिवाय राहत नाहीत. तेवीस वर्षं मी इस्पितळाच्या पगार विभागात काढली. मग मूत्रपिंडांनी दगा दिला आणि त्याच इस्पितळात मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेले. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार चार-चार तास यंत्राला बांधलेली असते. उरलेल्या दिवसांत लोकांचे फॉर्म भरते. पैसे घेत नाही, टोमणे मात्र सढळ हाताने देते.

या टेबलावरून शेकडो फॉर्म गेले. एकच फॉर्म मी जाणूनबुजून भरला नाही. तो तोंगियाचा.

तोंगिया लिकू गावचा, मी आवातेलेची. भर समुद्रातलं आमचं बेट एवढंसं की गाडीने सकाळी निघालात तर जेवायच्या आत फेरी पुरी होते, पण लिकूचा माणूस हट्टी आणि आवातेलेची बाई तोंडाळ, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. इथे मांगेरेत, बेटापासून दूर या मोठ्या शहराच्या उपनगरात, आम्ही दोघं तीस वर्षांपूर्वी एकाच हिवाळ्यात आलो. तो अॅल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्या कारखान्यात लागला. त्याची बायको वीस वर्षांपूर्वी फरशा बसवणाऱ्या एका माणसाबरोबर ब्रिस्बेनला गेली. माझा नवरा नऊ वर्षांपूर्वी वारला. म्हणजे दोघंही सुटे, पण वय साठीच्या आसपास, आणि चर्चमध्ये तीनशे डोळे.

गेल्या वर्षी जुलैत तो माझ्यासमोर येऊन बसला आणि पगाराची चिठ्ठी टेबलावर आपटली.

"तिआले, कारखाना मला लुटतोय."

"तुला लुटून कारखान्याला काय मिळणार रे? बघू इकडे."

एका नजरेत कळलं. कराच्या कोडात जिथे मुख्य नोकरीचा 'एम' असायला हवा तिथे दुसऱ्या नोकरीचा 'एस' बसला होता.

"दुसरी नोकरी कधी धरलीस?"

"एप्रिलात. पोरांची शाळा आहे ना आपली, शनिवारी आणि दोन संध्याकाळी. भाषा शिकवतो."

"आणि फॉर्मवर मुख्य नोकरी कोणती लिहिलीस?"

"शाळा."

"आठ तासांची शाळा मुख्य? आणि चाळीस तासांचा कारखाना?"

"फॉर्मात तास कुठे विचारलेत? मुख्य कोणती, एवढंच विचारलंय." तो चिडलाच. "खिडक्या काय, कुणीही करेल. पण इथे जन्मलेल्या पोरांना आपल्या बोलीत आजीला हाक कशी मारायची, हे कोण शिकवणार? तो बावळट इंटरनेट? मी तर कारखान्यातल्या ऑफिसच्या पोरीलाही जाऊन सांगितलं, बाई, तुमचं काम आता दुय्यम झालं, तसं लिहून घ्या. लपवाछपवी नाही आपल्याकडे."

मी इतकी हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हे आमच्याच बेटावरचा माणूस करू जाणे. आमच्याकडे पगार ही कडेची गोष्ट. तुमचं काम कोणतं विचारलं तर माणूस आपलं अळूच्या जातीतल्या तारो कंदाचं शेत सांगेल, होडी सांगेल, चर्चमधली जागा सांगेल आणि सरकारी नोकरीचं नाव विचाराल तेव्हा डोकं खाजवील. पण कर खात्याला हे कोण समजावणार? त्यांच्या लेखी जिथे जास्त पैसा ते मुख्य. तिथे कर हलक्या पायऱ्यांनी चढतो, दुसऱ्या नोकरीत पहिल्या डॉलरपासून चढ्या दराने कापतात. तोंगियाने उलटं लिहिल्यामुळे त्याचा सगळा मोठा पगार चढ्या दरात सापडला होता आणि आठवड्याला एकशेतीस-एक डॉलर नाहक जात होते.

दोन फॉर्म भरायचे, एक कारखान्याला, एक शाळेला. दहा मिनिटांचं काम. मी पेनाचं टोपण काढलंसुद्धा होतं.

तेवढ्यात तो म्हणाला, "हे एकदा सुटलं ना, तिआले, की तिकीट काढतो. जायचं फक्त. यायचं नाही."

तोंगिया तीस वर्षं निघालेलाच होता. दर नाताळात निघायचा आणि दर नाताळात राहायचा, त्यावर चर्चमध्ये विनोद होते. पण या खेपेला त्याने खिशातून फोन काढून एक फोटो दाखवला. लिकूतलं त्याच्या आईचं घर. मोठ्या वादळात छप्पर गेलेलं, भिंती उभ्या, आणि मधल्या खोलीत पपईचं झाड उगवून पार वर आलेलं. "आई इथे झोपायची," तो म्हणाला, "बरोब्बर या झाडाच्या जागी." त्याच्या आवाजात विनोद नव्हता.

मी पेनाला टोपण लावलं.

"भानगड मोठी दिसते," मी म्हटलं. "बघावं लागेल. चिठ्ठी ठेवून जा. आणि दर रविवारी नवी आणत जा."

का म्हटलं, ते सरळ सांगते. मला तो आवडत होता. कधीपासून, ते सांगता येणार नाही. नवरा असताना नव्हता, एवढी मी शपथ घेईन. आणि तोंगिया बेटावर परत गेला तर मी त्याच्या मागे जाऊ शकणार नव्हते, कारण आमच्या बेटावर डायलिसिसचं यंत्र नाही. ज्याच्या मूत्रपिंडांनी राम म्हटला तो इथेच, मांगेरेत, आणि मेल्यावर पेटीतून घरी. गेली सहा वर्षं मी बेट पाहिलेलं नाही. तो गेला असता तर माझ्यासाठी मेल्यासारखाच झाला असता, फरक इतकाच की तो सुखात असता.

मग रविवार सुरू झाले. सगळे पांगले की तोंगिया नवी चिठ्ठी आणि एक डबा घेऊन यायचा. डब्यात नारळाच्या दुधात शिजवलेला तारो. तारो मला वर्ज्य, आहार सांगणारी बाई ओरडते, तरी दोन घास मी खायचेच. मी चिठ्ठीकडे कपाळाला आठ्या घालून बघायची, "हं" म्हणायची, काहीतरी आकडा कागदावर लिहायची. नाटकवालीला लाजवेल असा अभिनय. मग चिठ्ठी बाजूला राहायची आणि तो बोलायला लागायचा.

लिकूच्या कड्यावरून हिवाळ्यात देवमासे किती जवळ येतात ते. पाऊस पडला की दगड पाणी पिऊन टाकतो आणि तासाभरात वाट कोरडी होते ते. त्याच्या आईची सगळ्या गावाला ऐकू जाणारी हाक. मी मध्येच म्हणायची, "लिकूत काय आहे? लाटा आणि हट्टी माणसं. समुद्रात उतरायला आमच्या आवातेलेला यावं लागायचं तुम्हाला." तो म्हणायचा, "तुमच्या आवातेलेत समुद्रापेक्षा बायकांचाच आवाज जास्त." घरी माझ्या लेकीशी मी इंग्रजीत बोलते, नातवाशी इंग्रजीत, नर्सशी इंग्रजीत. त्या एका तासात मला माझी भाषा तोंडभर मिळायची. त्याच्या बोलण्यातून मी बेटावर जाऊन यायची. तिकिटाशिवाय, यंत्राशिवाय. आठवड्याचे सहा दिवस मी त्या तासाची वाट बघत काढायची.

माझी लेक शार्लीन मला पुरती ओळखते. एकदा ती मला घ्यायला आली आणि टेबलावरची चिठ्ठी तिने उचलली.

"आई, याचा कोड चुकलाय. एवढंच ना?"

"दिसतं तेवढं सोपं नाही ते."

"तू झोपेत करतेस हे काम. मागच्या महिन्यात मावशीचं गाडी पार्क करता करता केलंस."

"तू गाडी सुरू कर जा."

ती गाडी सुरू करायला गेली, पण जाताना माझ्याकडे अशी बघून गेली की मला चोरी पकडल्यासारखं झालं. पुन्हा ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

ऑक्टोबरात कर खात्याचं पत्र आलं. तुमचा कोड चुकीचा वाटतो, तपासून घ्यावा. ते लोक शहाणे आहेत, त्यांच्या लक्षात आलं होतं. तोंगियाने पत्र न फोडताच माझ्याकडे आणलं. मी वाचलं आणि पर्समध्ये टाकलं. "म्हणजे काम हललंय," मी त्याला सांगितलं. तो खूश झाला. त्या रविवारी त्याने तारोबरोबर उंगासुद्धा आणला होता, आमचा नारळावर चढणारा खेकडा, कुणाच्यातरी बर्फाच्या पेटीतून बेटावरून आलेला. त्याने तो माझ्यासाठी फोडून दिला. मी खाल्ला. खोटं बोललेल्या तोंडाने खाल्ला आणि तरी गोड लागला.

फेब्रुवारीत माझ्या नातवाचे केस कापले. आमच्यात मुलाचे केस जन्मापासून वाढवतात आणि मोठा झाला की सगळ्या गणगोताला बोलावून कापतात. केसांच्या बारीक बारीक बटा करून रिबिनी बांधलेल्या असतात. एकेका पाहुण्याने यायचं, एक बट कापायची, पैशांचं पाकीट ठेवायचं. आज तुम्ही माझ्या पोराला द्यायचं, उद्या मी तुमच्या. तोंगियाला स्वतःचं पोर नाही, म्हणून तो सगळ्यांच्याच पोरांचा मामा. तीस वर्षांत त्याने कुणाकडे हात आखडता घेतल्याचं मी पाहिलं नाही. म्हणूनच तर त्याचं छप्पर झालं नाही.

त्या दिवशी त्याचं नाव पहिल्या दहात पुकारलं, तर तो जागेवर नव्हता. हॉलच्या पार मागे, खुर्च्या रचून ठेवल्या होत्या तिथे उभा होता. "नंतर, नंतर," अशी हाताने खूण करत राहिला. सगळे झाल्यावर शेवटची बट त्याने कापली, पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि एक पातळ पाकीट ढिगाच्या खाली सरकवलं. मला ते दिसलं. मग डुक्कर कापायला घेतलं, पानं मांडली, आणि मी त्याला हाक मारायला वळले तर तो गेला होता. न जेवता. लिकूचा माणूस केस कापण्याचं जेवण टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी यंत्रावर पडल्यापडल्या मी त्याचा कोड सुधारून घ्यायला कारखान्याच्या ऑफिसला फोन लावला. त्यांनी मला थांबवून ठेवलं, कानात कसलंसं गाणं लागलं. ते गाणं दोनदा संपलं आणि दोनदा सुरू झालं. मी डोळ्यांसमोर रिकामी खुर्ची आणली, रविवारची, माझ्या टेबलासमोरची. मग मी फोन ठेवून दिला. एवढी वाईट बाई मी आयुष्यात त्याआधी कधी नव्हते, आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

त्या रविवारी तो आला. पाकिटाबद्दल तो बोलला नाही, मीही नाही. तारो नव्हता. पावाचे दोन तुकडे होते.

मार्चअखेर वर्ष संपलं. आता इथे एक गोष्ट आहे जी मी तेवीस वर्षं पगार विभागात काढताना जाणत होते आणि त्या वर्षी सोयीस्करपणे विसरले. वर्ष संपलं की कर खातं आपणहून सगळा हिशेब लावतं आणि जास्त कापलेलं एकदम परत करतं. एकदम, एका दिवशी, सगळं.

जूनमधल्या एका गुरुवारी सकाळी माझ्या घराची बेल वाजली. तोंगिया दारात, कारखान्याच्या कपड्यांत, धापा टाकत.

"तिआले! तू सोडवलंस!"

त्याने फोन माझ्या नाकाला लावला. सहा हजार आणि वर काही.

"एवढे एकरकमी पैसे मी जन्मात पाहिले नाहीत," तो म्हणाला. "पत्र्यांचा भाव काढलाय. बोटीने जातील. भावाला कळवलंय. आणि तिकीट मी इथे यायच्या आधीच काढलं, म्हणजे मध्ये कुणाचं लग्न-बारसं उपटायला नको!"

"कधीचं?"

"येत्या मंगळवारचं."

रविवारी त्याने चर्चमध्ये उभं राहून माझे आभार मानले. एक वर्ष ही बाई माझ्यासाठी सरकारशी भांडली, म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून बसले होते, आणि माझ्या शेजारी शार्लीन समोर बघत होती, टाळ्या न वाजवता.

सोमवारी तो निरोप घ्यायला इस्पितळात आला. मी खुर्चीत, हातात दोन सुया, नळ्यांतून रक्त बाहेर जातंय आणि धुऊन परत येतंय. अजून तीन तास बाकी. नर्सने त्याला स्टूल दिलं. दाढी केलेली होती, नवा शर्ट घातला होता. शर्टाची घडी खांद्यावर तशीच उमटलेली.

"तुझ्यामुळे जातोय मी," तो म्हणाला.

ते मला सहन झालं नाही.

"ऐक," मी म्हटलं. "मध्ये बोलू नकोस. मी कुणाशी भांडले नाही. दहा मिनिटांचं काम होतं. पहिल्या रविवारीच मला कळलं होतं. ऑक्टोबरातलं ते पत्रसुद्धा मी पर्समध्ये ठेवलं, अजून तिथंच आहे."

तो यंत्राकडे वळला.

"म्हणजे तुझ्या नातवाच्या दिवशीसुद्धा?"

"त्या दिवशीसुद्धा."

"मी गाडी विकायला काढली होती, तिआले. गिऱ्हाईक मिळालं नाही. म्हणून ते तसलं पाकीट. चार दिवस मी कुणाला तोंड दाखवलं नाही." त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. "का केलंस?"

साठाव्या वर्षी, हातात सुया, शेजारच्या खुर्चीत घोरणारा म्हातारा. अशा वेळी बाईने काय बोलावं?

"तू गेला असतास म्हणून."

त्याने माझ्याकडे पाहिलं. आधी काही कळलं नाही त्याला, मग कळलं. तो हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं.

"कुठे गेलो असतो मी? आठवड्याला एकशेतीस डॉलर हातात पडले असते तर ते मी उशीखाली ठेवले असते असं वाटतं तुला? कुणाचे केस, कुणाचं लग्न, कुणाची मयत. तीस वर्षं मी दुसरं काय केलं? तू त्याच दिवशी ते दोन फॉर्म भरले असतेस ना, तर उद्याही मी कारखान्यात खिडक्या करत असतो. आणि रविवारी डबा घेऊन तुझ्यासमोर."

त्याला धरून ठेवायला म्हणून मी त्याचे पैसे अडवले, आणि अडवले म्हणून ते साठले, आणि साठले म्हणून तो चालला होता. माझ्या हाताने मी त्याच्या घरावर पत्रे चढवले होते. नुसती गप्प बसून.

वाटलं, आता उठून जाईल. तो गेला नाही. तीन तास स्टुलावर बसून राहिला. माफ केलं असंही म्हणाला नाही. शेवटी नर्सने सुया काढल्या, तिथे कापूस दाबून धरावा लागतो, रक्त थांबेपर्यंत. नर्स हात पुढे करणार तोच त्याने आपला अंगठा ठेवला. जाड, कापल्याच्या खुणांनी भरलेला अंगठा. रक्त थांबलं तरी त्याने तो काढला नाही. 'तूही चल' असं तो म्हणाला नाही. मी येऊ शकत नाही हे त्याला माहीत होतं, आणि तेवढी दया त्याने माझ्यावर केली.

मंगळवारी विमान गेलं. मी विमानतळावर गेले नाही, गुडघे दुखत होते असं शार्लीनला सांगितलं. ती म्हणाली, "बरं," आणि माझ्याजवळ येऊन बसली. आमच्या बेटावर जाताना वाटेत तारखेची रेघ लागते. इथून माणूस मंगळवारी निघतो आणि तिथे सोमवारी उतरतो.

संध्याकाळी फोन वाजला. मागे कोंबडे ओरडत होते, आणि कुणीतरी आमच्या बोलीत कुणालातरी मोठ्याने शिव्या देत होतं. मी फोन कानाला घट्ट दाबला.

"पोचलो," तोंगिया म्हणाला. "तिआले, इथे अजून सोमवारच आहे गं."

"मग तो जपून वापर," मी म्हटलं. "माझा संपला."